प्रस्तावना : सांगणारा कोण?

या पुस्तकाची पहिली वही माझ्या हाती आली तेव्हा तिच्या पुठ्ठ्यावर ‘हिंगणघाट परिसरातील दंतकथा’ असं नाव होतं. गोष्टी गोळा करणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. सुट्ट्यांमध्ये हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतली गावं फिरून, पारावर, ओसरीत, दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी ऐकलेलं उतरवून घेतलं होतं. छापण्याआधी या गोष्टी ज्यांच्या तोंडून आल्या त्यांनाच वाचून दाखवाव्यात, असं आम्ही ठरवलं. त्या वाचनात जे घडलं त्यामुळे पुस्तकाचं नाव बदललं, आणि ही प्रस्तावना लिहायची वेळ आली.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट बाई वाचत होत्या. वणा नदीला पूर आलेला, बंडी पाण्यात उलटलेली, मालक गटांगळ्या खातोय; आणि जुवातून मोकळा झालेला बैल मालकाला शेपूट धरू देत काठाला घेऊन येतो. बाबांच्या वडिलांनी हे काठावरून पाहिलं होतं. दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना ते ही गोष्ट मुलांना सांगत. बाबा मान डोलवत ऐकत होते. शेवटी बाईंनी पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, तशी त्यांची मान थांबली. “बाई, माह्या बापानं सोताच्या डोयानं पाह्यलं व्हतं. तुमी त्याले दंतकथा कायले म्हंता?”

आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. बाबांना व्युत्पत्ती ठाऊक नसेल, पण शब्दाचं वजन त्यांना बरोबर कळलं होतं. आपल्या वडिलांच्या डोळ्यांची साक्ष या एका शब्दाने पुसली गेली, हे त्यांना टोचलं होतं. त्या दिवसापासून मी दोन शब्दांच्या मागे लागलो : आख्यायिका आणि दंतकथा. वर्तमानपत्रांत, देवस्थानांच्या पुस्तिकांत, पर्यटनाच्या फलकांवर हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. ‘अशी आख्यायिका आहे’ आणि ‘अशी दंतकथा आहे’ यांत आपल्याला काही फरकच वाटत नाही. दोन्हींचा अर्थ ‘पुरावा नाही’ एवढाच उरला आहे. पण पुरावा नसण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले नाहीत तर माणसाचं नुकसान होतं, हे मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आधी शब्दांकडे जाऊ. आख्यायिका हा शब्द संस्कृत साहित्यशास्त्रातून आलेला. तिथे गद्याचे दोन प्रकार मानले जात : कथा आणि आख्यायिका. कथेचा विषय कवीने रचलेला, तर आख्यायिकेचा विषय माहीत असलेला, घडलेला, अशी वाटणी अमरकोशानेही केली आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची दोन पुस्तकं याची नेहमीची उदाहरणं आहेत. ‘कादंबरी’ ही कथा, आणि ‘हर्षचरित’ ही आख्यायिका. कारण हर्ष हा खरा राजा, आणि बाण त्याच्या दरबारात गेलेला खरा माणूस. ‘हर्षचरिता’त बाण स्वतःच्या कुळाची, भटकंतीची हकिकतही सांगतो, म्हणजे सांगणारा कोण हे वाचकाला कळतं. वाटणी निर्विवाद नव्हती. भामहाने हे दोन प्रकार नियम घालून वेगळे केले, दंडीने मात्र ही एकाच जातीची दोन नावं आहेत असं म्हणून तो भेद झटकला. आज आपण नकळत दंडीच्या बाजूने उभे आहोत. मला भामहाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याचे सगळे नियम मान्य आहेत म्हणून नव्हे, तर त्या भेदाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे म्हणून : ही गोष्ट कुणाची, आणि ती सांगतंय कोण?

दंतकथेत या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. दंतकथा म्हणजे दातांवर, म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेली कथा. गंमत अशी की आपण अरबीतून घेतलेल्या ‘अफवा’ या शब्दाच्या मुळाशीही ‘तोंडं’ असाच अर्थ आहे. किंवदंतीतही कोणी एक बोलणारा नाही. ‘लोक काय बोलतात’ एवढंच आहे. जुन्या दर्शनकारांनी अशा माहितीला ‘ऐतिह्य’ असं नाव दिलं होतं. ज्याचा मूळ वक्ता सापडत नाही अशी परंपरेने आलेली गोष्ट, ही त्याची व्याख्या. उदाहरणही ठरलेलं : या वडावर यक्ष राहतो. कोणी सांगितलं? वडीलधाऱ्यांनी. त्यांना कोणी? त्यांच्या वडीलधाऱ्यांनी. साखळी मागे मागे जाते आणि धुक्यात हरवते. पौराणिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांनी तसं मानलं नाही, त्यांनी त्याला शब्दप्रमाणात बसवलं, म्हणजे सांगणारा विश्वासार्ह असेल तरच त्याची किंमत. प्रश्न पुन्हा सांगणाऱ्यापाशीच येऊन थांबला.

मराठीला तर या प्रश्नाची जाण जन्मापासून आहे. आपल्या भाषेतला पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, हा आख्यायिकांचाच संग्रह आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, म्हाइंभट गावोगाव गेले. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना भेटून एकेक लीळा त्यांनी मिळवली आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतली. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा ती पाठांतरातून पुन्हा उभी करण्यात आली. त्यात पाठभेद झाले, आणि महानुभावांनी ते दडवले नाहीत. कोणाचा पाठ कोणता हे पोथ्यांत नोंदवून ठेवलं. विदर्भातल्या रिद्धपूरशी नातं असलेल्या या पंथाने सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेला हा शिरस्ता आहे : गोष्ट लिहायची ती सांगणाऱ्याच्या नावासकट, आणि दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं.

आता आमच्या हिंगणघाटाकडे येतो. या गावाच्या मातीत एक असा माणूस पुरलेला आहे की ज्याच्याभोवती दोन्ही जातींच्या गोष्टी सापडतात. विल्यम लॅम्टन. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात त्याने पायारेषा मोजायला सुरुवात केली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताची मोजणी उत्तरेकडे सरकू लागली. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांनी वाहून नेत, डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत हे काम चाललं. वीस वर्षांनी, हैदराबादेकडून नागपूरला जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

लॅम्टनची एक गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. १७९९ सालचा श्रीरंगपट्टणचा वेढा. जनरल बेअर्डची तुकडी रात्री शत्रूच्या शोधात एका झाडीत फिरून परत निघाली. लॅम्टन तिच्यात होता. त्याने आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहून सांगितलं, की आपण छावणीकडे नाही, शत्रूकडे चाललो आहोत. बेअर्डला ते पटलं नाही. थोड्या वेळाने शत्रूची चौकी समोर आली, तेव्हा दिवा पेटवून होकायंत्र पाहिलं, आणि तारे खरे निघाले. ही आख्यायिका. ती शब्दशः खरी आहेच अशी हमी मी देत नाही. सांगताना तिला थोडं तिखटमीठ लागलंही असेल. पण तिला माणूस आहे, जागा आहे, साल आहे, आजूबाजूला साक्षीदार आहेत. तिची उलटतपासणी होऊ शकते.

त्याच मोजणीतून जन्मलेली दुसरी गोष्ट पाहा. गणिती राधानाथ सिकदार एके सकाळी धावत साहेबाच्या खोलीत शिरले आणि जगातलं सर्वांत उंच शिखर आपल्याला सापडल्याचं त्यांनी सांगितलं. शाळेत अनेकांनी ही गोष्ट ऐकली असेल. काही जण तर ते साहेब म्हणजे खुद्द एव्हरेस्ट असं सांगतात. पण एव्हरेस्ट १८४३ मध्येच निवृत्त झाला होता. ज्या १८५२ सालची ही गोष्ट सांगतात, त्या काळात सिकदार कलकत्त्याला होते आणि प्रमुख अँड्र्यू वॉ यांचं ठाणं डेहराडूनला. धावत शिरायला एक खोलीच नव्हती. सिकदारांचं गणित खरं, त्यांचं मोठेपण खरं. ती सकाळ मात्र दंतकथा. शिवाय या दंतकथेने एक अन्याय केला आहे. वर्षानुवर्षांची आकडेमोड, अनेक ठिकाणांहून घेतलेली निरीक्षणं, प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या दुरुस्त्या, या सगळ्या कष्टांच्या जागी तिने एका क्षणाची धावपळ बसवली.

म्हणून दंतकथा वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. हिंगणघाटाहून फार लांब नसलेलं गिरड आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आज ते समुद्रपूर तालुक्यात आहे; इंग्रजी काळात हिंगणघाट तहसिलीत होतं. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. टेकडीवर गोल, ओबडधोबड, गारगोटीसारखे दगड विखुरलेले असतात. गोष्ट अशी, की दोन फिरत्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांच्याजवळचे नारळ आणि बाकीचा माल दगड करून टाकला. ते गयावया करू लागले, तशी बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी तिथेच बाबांच्या सेवेला राहिले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्या आहेत असं सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरातही ही गोष्ट आली आहे आणि बाबा तिथे १२४४ साली स्थायिक झाले, अशी परंपराही तिथे दिली आहे. पंजाबात पाकपट्टणला ज्यांची कबर आहे त्या बाबा फरीदांच्या नावाशी नातं सांगणारी अशी स्थानं देशात ठिकठिकाणी आहेत.

असा एक दगड माझ्या टेबलावर आहे. वरून मातकट, खरबरीत. एका बाजूने फुटलेला, आणि फुटलेल्या कडेला आत पांढऱ्या, मेणचट स्फटिकांच्या दाट काड्या. भूवैज्ञानिक याला झिओलाइट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे खडकात झिरपलेल्या गरम पाण्यातली खनिजं त्या पोकळ्यांत साठत गेली, आणि भोवतीचा काळा दगड झिजल्यावर या गाठी मोकळ्या झाल्या. दगड खरा आहे. तो नारळासारखा दिसतो हेही खरं आहे. दंतकथेने त्या दिसण्याला एक कारण दिलं, आणि कारणात एक शिकवण गुंफली : वाटेवरच्या फकिराची थट्टा करू नये, आणि चुकलेल्याला त्याचा माल परत मिळावा. ‘हे कोणी पाहिलं?’ असा प्रश्न गिरडच्या टेकडीवर कोणी दरडावून विचारत नाही, आणि विचारूही नये. कारण सांगणाराच आधी ‘म्हणे’ लावतो.

हा ‘म्हणे’ ही मराठीची मोठी ठेव आहे. ‘व्यापाऱ्याचे नारळ दगड झाले’ आणि ‘व्यापाऱ्याचे नारळ दगड झाले म्हणे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यात बोलणारा प्रामाणिकपणे सांगून टाकतो, की मी पाहिलेलं नाही, माझ्यावर भार टाकू नका. आमच्याकडे ‘तो येऊन राहिला म्हणे’ असं साध्या बोलण्यातही येतं. ज्या भाषेत ऐकीव माहितीला वेगळी खूण आहे, त्या भाषेच्या लोकांना दंतकथा कशी हाताळावी हे कोणी शिकवावं लागत नव्हतं.

ही खूण गळून पडली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथ डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. त्या पाचांनी कोणाचं मूल पळवलेलं नव्हतं; पोटासाठी गावोगाव फिरणारी ती माणसं होती. पुढे ढकललेल्या निरोपाला सांगणाऱ्याचं नाव नसतं, आणि ‘म्हणे’ही नसतो. दंतकथा शतकानुशतकं सावकाश चालत येते, म्हणून तिच्या कडा घासून गुळगुळीत होतात. अफवा ही नुकतीच जन्मलेली दंतकथाच, पण ती घाईत असते, आणि ऐकणाऱ्यालाही घाई करायला लावते. त्या जमावात एका माणसाने तरी ‘हे तुला कोणी सांगितलं, आणि त्याने कुठे पाहिलं?’ असं विचारलं असतं आणि चौघांनी ते ऐकलं असतं, तर पाच घरं उघडी पडली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

आख्यायिकाही निर्धोक नाही. तिचा धोका वेगळा आहे, एवढंच. २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार मला आठवतो. गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली होती. मीही देवळाबाहेर रांगेत उभा राहिलो. माझ्या चमच्यातलं दूध मी सोंडेला लावलं आणि ते कमी झालेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी खोटं बोलत नव्हतो, आणि रांगेतलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. पण चमचा किती कलला होता, आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळ खाली कुठे गेला, हे मी पाहिलं नव्हतं. द्रवाच्या पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जाऊन दगडावरून पसरतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं. त्यावरून काढलेला अर्थ चुकला. पण मी हजर होतो, म्हणून मला प्रश्न विचारता आले आणि माझी चूक मला सापडली.

कापसाच्या वावरात काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर हा फरक जिवाशी येतो. ‘माझ्या काकाला साप चावला, मांत्रिकाने उतरवला, काका अजून जिवंत आहे.’ ही आख्यायिका आहे. ‘नागिणीच्या डोळ्यांत मारणाऱ्याचं चित्र उमटतं आणि ती सूड घेते.’ ही दंतकथा. दोन्हींना एकाच सुरात ‘अंधश्रद्धा’ म्हणून उडवून लावलं की पहिला माणूस दुखावतो, कारण त्याचा काका खरोखर वाचला आहे. त्याला विचारायचा प्रश्न निराळा : साप कोणता होता? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापैकी कोणी चावलं तरी काही वेळा विष अंगात उतरत नाही. काका मंत्राशिवायही वाचला असता. ज्यांना विष भिनलं आणि जे मांत्रिकाच्या अंगणात वेळ गमावून बसले, ते गोष्ट सांगायला परत आले नाहीत. म्हणून आपल्या कानावर फक्त वाचलेल्यांच्याच गोष्टी येतात. नागिणीच्या गोष्टीला मात्र हा प्रश्न लागू होत नाही. तिथे एवढंच विचारायचं, की हे पाहिलेला माणूस कुठे भेटेल?

तेव्हा माझ्यापुरता मी भेद असा ठरवला आहे. आख्यायिकेला सांगणारा असतो, म्हणून तिला ‘नेमकं काय पाहिलं?’ असं विचारावं, आणि एकावरून सगळ्यांचा नियम करू नये. दंतकथेचा सांगणारा हरवलेला असतो, म्हणून तिला पुरावा मागण्यापेक्षा ‘ही गोष्ट लोकांनी एवढी वर्षं का सांभाळली?’ असं विचारावं, आणि तिच्यावरून कोणावर हात उचलू नये. आख्यायिकेला दंतकथा म्हटलं तर साक्षीदाराचा अपमान होतो. दंतकथेला आख्यायिका म्हटलं तर नसलेला साक्षीदार उभा राहतो.

या पुस्तकाची मांडणी त्याप्रमाणे बदलली आहे. पहिल्या भागात आख्यायिका आहेत. प्रत्येकीखाली साखळी दिली आहे : ‘स्वतः पाहिलं’, ‘वडिलांनी पाहिलं, मुलाने सांगितलं’, ‘शेजारणीकडून ऐकलं’. माणसांची नावं त्यांच्याच इच्छेने गाळली आहेत, साखळी गाळलेली नाही. दुसऱ्या भागात दंतकथा आहेत, आणि तिथे सांगणाऱ्याने वापरलेला प्रत्येक ‘म्हणे’ जसाच्या तसा ठेवला आहे. छपाईच्या वेळी भाषा सफाईदार करण्याच्या नादात ते गाळू नयेत, यावर बाईंनी हट्ट धरला, आणि त्यांचं बरोबर होतं. काही गोष्टी कोणत्या भागात घालाव्यात हे ठरेना. हिंगणाच्या झाडांवरून हिंगणघाट हे नाव पडलं, असं गावात सगळेच सांगतात. झाडं खरी, घाट खरा, पण नाव ठेवताना हजर असलेला कोणी नाही. ती दुसऱ्या भागात घातली आहे. वाचकांचं मत वेगळं पडलं तर आनंदच आहे.

नवीन मांडणी झाल्यावर बाई आणि मी पुन्हा त्या बाबांकडे गेलो. त्यांची गोष्ट पहिल्या भागात आल्याचं सांगितलं, खालची ओळ वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक गोठ लिवा बाई. बाप म्हने का अंधार पडत व्हता. शेपूट धरलं व्हतं का कासरा, थे त्याले नीट दिसलं नोतं. शेपूट मीच लावलं.”

ती दुरुस्ती आम्ही केली आहे. पुस्तकातली ती गोष्ट आता ‘शेपूट की कासरा हे सांगता येत नाही’ या वाक्यावर संपते, आणि पूर्वीपेक्षा ती मला जास्त खरी वाटते.

हिंगणघाट